आमच्याकडे 'तक्रार' सहसा कोणी करत नाही : नाराजीचे वऱ्हाडी शब्द

सेतूवाला (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. आज नेट जरा बरं चालू आहे, म्हणून काढतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लोकांचे अर्ज भरून देतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, घरकुल, जे येईल ते. म्हणजे दिवसभर कानावर पडते ती नाराजी आणि टाईप होते ती 'तक्रार'. या दोन गोष्टी एक नाहीत, असं माझं आता ठाम मत आहे.

शाळेत समानार्थी शब्द शिकवताना राग चढत्या क्रमानं लावतात. आधी नाखूश, मग नाराज, मग वैतागलेला, शेवटी संतापलेला. खेड्यात हा हिशेब चालत नाही. इथं राग किती आला यावरून शब्द ठरत नाही, गोष्ट कोणापाशी न्यायची यावरून ठरतो. घरातल्या घरात आहे तोवर कुरकुर, भुनभुन, किरकिर. (पोराची किरकिर, म्हाताऱ्याची भुनभुन आणि कर्त्या माणसाची कुरकुर. यांची अदलाबदल होत नाही, करून पाहा.) गावातल्या जाणत्या माणसापाशी किंवा मारुतीपाशी नेलं की गाऱ्हानं. चारचौघांत पारावर मांडलं की बोंब. आणि गावाबाहेर, साहेबाच्या टेबलावर गेलं की तक्रार.

म्हणून 'तक्रार' हा शब्द आमच्याकडे जड आहे. शेजाऱ्यानं धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला तर लोक वर्षानुवर्षं कुरकुर करतील, गाऱ्हानं सांगतील, पारावर एकमेकांचा उद्धारही करतील. तोवर दोन्ही घरांच्या लग्नपत्रिका एकमेकांकडे जातात. "त्यानं माह्यी तक्रार केली" हे वाक्य एकदा झालं की पत्रिका बंद.

मागं एक म्हातारबाबा आले. विम्याचे पैसे शेजारच्या गटात पडले, यांच्या गटात नाही. खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आता का म्हनाव बाप्पा, तुमीच सांगा." मी विचारलं, तक्रार लिहू का? तसे उठायलाच लागले. "तक्रार नोको लिहू बावा. नुसतं सांगून पाह्य." आता 'नुसतं सांगून पाहणे' याला विहित नमुन्यात रकाना नाही.

तुमच्या भागात काय शब्द आहेत आणि ते कोण कोणापाशी वापरतं, ते लिहा. शिव्या नकोत, त्याचा वेगळा धागा काढू.

---

ठेचा_भाकर

शिव्या नोको म्हंता अन् नाराजीचा धागा काढता, कसं जमन भाऊ? 😄

तरी लिहितो. आमच्याकडं, दर्यापूर-अंजनगावाकडं, तीन शब्द हायत. पुन्या-मुंबईकडचे लोक तिन्हीले 'कंटाळलो' म्हंतात.

कटाया येते थो कामाचा. निंदन करून करून कटाया आला.

कावते मानूस दुसऱ्याच्या मागं लागन्यानं. पोट्टं गाडी मागून राह्यलं, बायको सोनं मागून राह्यली, बँकवाला हप्ता मागून राह्यला, मंग मानूस कावते.

आन् कदरते तवा सारं सरलं. कदरलेला मानूस बोलतच नाई. "म्या त कदरलो बाप्पा" हे थो तुमाले सांगत नसते, सोताले सांगते. कावलेल्या मानसाले समजावता येते. कदरलेल्यापाशी नुसतं बसाव लागते.

आन् सर्वात भारी म्हंजे 'कायचं काय'. "रस्ता झाला का गावचा?" "कायचा रस्ता न कायचं काय!" खड्डे, गिट्टी, ठेकेदार, सारं त्यातच आलं.

---

मुठाकाठचा

मस्त धागा. माझी सासुरवाडी अकोला जिल्ह्यातली, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी जगण्यामरणाचा आहे.

एक शंका. मेव्हणीच्या लग्नात पंगतीला नवरदेवाकडचे एक वयस्क गृहस्थ माझ्या शेजारी होते. जेवण झालं, हात धुतला, सुपारी घेतली आणि यजमानांना म्हणाले, "कढी मस्त होती बाप्पा." यजमानांचा चेहरा पडला. त्या रात्री आमच्या घरात त्या एका वाक्यावर बैठक बसली होती. मला अजून कळलेलं नाही की स्तुतीनं एवढं काय बिघडलं.

---

इहीनबाई

@मुठाकाठचा, जवाईबापू, 😄 पंगतीत वरण होतं, वांग्याची भाजी होती, बुंदी होती, पोळ्या होत्या. एवढ्यात त्यांना कढीच आठवली. म्हणजे बाकी सगळं बसलं! आमच्याकडं सोयऱ्यानं नाव ठेवायचं नसतं, म्हणून तो सगळ्यात हलक्या पदार्थाची तारीफ करून उठतो. "पानी थंडगार होतं" म्हणाले असते तर तुमच्या सासऱ्यांनी अन्न सोडलं असतं.

अजून एक ध्यानात ठेवा. "राह्यू द्या" हे दोन प्रकारचं असतं. वाढताना हात आडवा धरून "राह्यू द्या, राह्यू द्या" म्हटलं तर अजून एक पोळी वाढा. आणि टोपी-दुपट्टा द्यायला उशीर झाला, मग घाईघाईनं आणला, तेव्हा हळूच "राह्यू द्या आता" म्हणाले, तर जाऊन पाय धरा. शब्द तोच, एका 'आता'नं फरक पडतो.

---

धुऱ्यावरची_बोर

सेतूवाले भाऊ, तुमचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. कोणापाशी न्यायचं यावरून शब्द ठरतो म्हणता. मी म्हणते बोलतं कोण, यावरून ठरतो. आणि तो शब्द बोलणाऱ्याचा नसतोच. ऐकणारा त्याला नाव देतो.

एकच वाक्य घ्या. "भाजीले तेल कमी पडलं." सासरे म्हणाले तर त्यांनी सांगितलं. नवरा म्हणाला तर तो बोलला. सालगडी म्हणाला तर कुरकुरला. सून म्हणाली तर तोंड चालवते! सुनेनं दुसऱ्यांदा म्हटलं तर उलटून बोलते, आणि माहेरी फोनवर म्हटलं तर घर फोडते. तेल तेवढंच, भाजी तीच.

म्हणून बायांनी वेगळे रस्ते काढले. एक, भांडी. स्वयंपाकघरात गंजावरचं (पातेल्यावरचं) झाकण कसं पडलं, यावरून माझ्या सासूला सगळं समजतं. अलगद ठेवलं तर ठीक. जरा आवाज झाला तर काहीतरी आहे. आणि झाकण पडून, गरगरत फिरून, आपोआप थांबलं आणि कोणी उचललं नाही, तर त्या दिवशी घरात कोणी जास्तीचा चहा मागत नाही.

दुसरा रस्ता लेकराचा. मामाजींशी, म्हणजे सासऱ्यांशी, थेट बोलायचं नाही, मग पोराला सांगायचं. "सोन्या, आबाजीले सांग, लाइटचं बिल भराची तारीख गेली म्हना." आबाजी दोन हातांवर बसलेले असतात. तेही सोन्यालाच उत्तर देतात, "सांग तुह्या मायले, मले मालूम हाय." सोन्या टीव्ही पाहत असतो, त्याला काही घेणंदेणं नाही. लेकी बोले सुने लागे म्हणतात ते सासूचं झालं. सुनांनी तेच हत्यार उलटं फिरवलं.

तिसरा रस्ता भुलाबाईचा. भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर पोरी गाणी म्हणतात आणि त्यात सासर द्वाड असतं, सासू खाष्ट असते, नणंद चुगलखोर असते. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, टाळ्या वाजवून. सासू खिरापत वाटायला समोर बसलेली असते आणि कोणी 'तोंड चालवते' म्हणत नाही. 'द्वाड' हा शब्द एरवी घरात काढून दाखवा बरं!

---

सेतूवाला

@धुऱ्यावरची_बोर ताई, दंडवत. ऐकणारा नाव देतो हे अगदी पटलं. माझ्या कामातही तेच होतं. बोलणाऱ्यानं 'सांगून पाह्य' म्हटलेलं असतं, नाव मी देतो.

---

निवृत्त_मास्तर

चर्चा छान चालली आहे. थोडी शब्दांच्या मुळांची भर घालतो.

'तक्रार' हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणे किंवा म्हणणे, म्हणजे पुनरावृत्ती. उर्दू-हिंदीत त्याचा अर्थ वादावादी झाला, मराठीत तो कचेरीच्या दारात जाऊन बसला. तालुक्याला एकाच कामाचे खेटे घालणाऱ्याला मूळ अर्थ समजावून सांगायची गरज नाही. 'हरकत' ही अरबीच, मूळ अर्थ हालचाल. हिंदीत 'हरकत' म्हणजे उचापत, आपल्याकडे आक्षेप. फेरफाराच्या नोटिशीत 'हरकत असल्यास कळवावे' असते आणि गावात 'काही हरकत नाही' म्हणजे चालेल. 'नाराज' फारसी, राजी नसलेला, सरळ आहे.

'गाऱ्हाणे' मात्र घरचे. संस्कृत गर्ह्, म्हणजे दोष देणे, या धातूशी त्याचे नाते सांगतात. कोकणात गाऱ्हाणे देवापुढे घालतात, गुरव म्हणतो आणि बाकीचे 'होय महाराजा' म्हणून साथ देतात. तिथे ते मागणे झाले आहे. आपल्याकडे त्यातली कुरबुर शाबूत राहिली.

'असंतोष' हा शब्द मात्र मी माझ्या सबंध नोकरीत खेड्यातल्या कोणाच्या तोंडून ऐकला नाही. तो वर्तमानपत्राचा. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० मध्ये टिळकांना असंतोषाचे जनक ठरवले ते दोष देण्यासाठी. टिळकांनी त्याच्यावर लंडनमध्ये बदनामीचा खटला भरला आणि १९१९ मध्ये तो हरले. आपण मात्र ती शिवी बिरुद म्हणून पाठ्यपुस्तकात घेतली. त्यामुळे पोरांना वाटते की असंतोष म्हणजे काहीतरी पुण्यतिथीला करायचे.

---

ठेचा_भाकर

मास्तर, हे परीक्षेले येनार का? 😄

---

निवृत्त_मास्तर

पाच गुणांना येईल. तू लिही 'कायचं काय' आणि ये.

एक राहिले. गाडगेबाबांचे कीर्तन आठवा. वऱ्हाडीत बोलायचे आणि लोकांना सरळ फटकारण्याऐवजी प्रश्न विचारत सुटायचे. लोकच उत्तर देत आणि उत्तर देता देता स्वतःवरच नाराज होत. ही आपल्या बोलीची जुनी ताकद आहे. 'काहून?' हा प्रश्न खरे म्हणजे प्रश्न नसतो. "काहून आला नाही बे काल?" याला कारण सांगत बसणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

---

झाडीपट्टीकर

तुम्ही सगळे वऱ्हाडाचंच बोलताय. विदर्भ वर्धा नदीच्या अलीकडेही आहे हो! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडं आमची झाडीबोली. तुमचा 'ळ' जाऊन 'य' येतो, आमचा 'ळ' जाऊन 'र' येतो. तुमच्याकडं तोंड 'कायं' पडतं, आमच्याकडं 'कारं'. आणि तुमच्या 'बे'ला आमच्याकडं 'गा' आहे. "काहून गा?" यात जेवढा रुसवा बसतो तेवढा "काहून बे" मध्ये बसत नाही. 'बे'त वरचढपणा आहे, 'गा'त जवळीक. माझा काका बाबांवर चिडला की 'गा' म्हणायचं बंद करतो. फक्त नावानं हाक मारतो. तेवढ्यावरून घर समजून जातं.

दंडारीत, म्हणजे आमच्या लोकनाट्यात, तर गावच्या भानगडींवर टोमणे असतातच. सरपंच पहिल्या रांगेत बसलेला असतो आणि सोंग आणणारा त्याच्याच नालीवर बोलतो. हसावंच लागतं, नाही हसला तर नाली त्याचीच ठरते.

आणि मारबत कोणीच कशी आणली नाही? नागपूरची काळी-पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतले ते मोठे पुतळे, सगळ्यांना माहीत आहे. १८८० च्या दशकापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, सोबत बडगे (तेही पुतळेच) असतात आणि बडग्यांवर त्या वर्षीचं जे काही सलत असेल ते लिहिलेलं असतं, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत. पण आमच्या खेड्यात पुतळा नसतो. पोळ्याला दारात खोचलेल्या पळसाच्या फांद्या पोरं भल्या पहाटे उपटतात आणि ओरडत शिवेबाहेर नेतात. खासी, खोकला, रोगराई, घेऊन जा गे मारबत! मध्येच एखादं पोरगं मास्तरचं नाव घालतं, एखादं बँकेचं. मोठी माणसं झोपेचं सोंग घेऊन ऐकत पडतात. कोणाचं नाव आलं, हे चहाच्या वेळेला सगळ्यांना माहीत असतं.

---

कापूसकोंड्या

सेतूवाले भाऊचा मुद्दा मी बाजाराच्या बाजूनं मांडतो. कारण खरी नाराजी काट्यावर दिसते.

खरेदी केंद्र. गाड्यांची रांग. आदल्या रात्रीपासून गाडीखाली झोपलेले लोक. नंबर लागला की ग्रेडर येतो, गाडीच्या मागच्या फळ्याशी उभा राहतो, कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस बाहेर काढतो. तळहातावर दाबतो, सरकी चाचपतो, कवडी (किडका कापूस) दिसते का पाहतो. मग यंत्र लावतो. हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये कटती (भावात कपात), १२ च्या वर गाडी परत. शेतकरी यंत्राकडं पाहत नाही, ग्रेडरच्या तोंडाकडं पाहतो. ग्रेडर म्हणतो, साडेदहा.

आता या माणसानं नांगरटीपासून वेचणीपर्यंत घर घातलं आहे त्यात. तो काय म्हणतो? "लावा ना साहेब, तुमच्या मनानं लावा."

बस. एवढंच. आवाज चढत नाही. नवीन साहेब असेल तर त्याला वाटतं, बरा भेटला, वाद घालत नाही. जुना हमाल मात्र मान खाली घालून पोत्याकडं वळतो, कारण त्याला माहीत असतं की 'तुमच्या मनानं' म्हणजे तुमच्या मनात पाप आहे. माझ्या वडिलांनी हे वाक्य एका व्यापाऱ्याला म्हटलं आणि पुन्हा त्याच्या दारात गाडी नेली नाही. व्यापारी पुढच्या हंगामात घरी निरोप धाडत राहिला, "काही चुकलं का?" वडील म्हणायचे, "नाई बाप्पा, तुमचं काय चुकन?"

हेही लिहून ठेवा: "तुमचं काय चुकन" ही आमच्याकडं वरच्या कोर्टाची शिक्षा आहे, तिच्यावर अपील नाही.

आणि ताईंनी सालगड्याच्या कुरकुरीचं लिहिलं, त्यात एक भर. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. वर्षभर तो कुरकुरला तरी मालक ऐकून सोडून देतो. पण पाडवा आला, शब्द द्यायची वेळ आली आणि गडी आलाच नाही, की समजायचं. तो येऊन सांगत नाही की तुमचं वागणं बरं नव्हतं. तो दुसऱ्या वावरात दिसतो. गावात लोक विचारतात, "काहून साल सोडलं?" तो म्हणतो, "जवळ पडते घरापासून." ते वावर मैलभर लांब असतं!

---

मुठाकाठचा

म्हणजे एकंदर, विदर्भात कोणी माझ्याशी गोड बोललं की मी घाबरायचं?

---

इहीनबाई

गोड बोललं तर नाही. जपून बोललं तर घाबरायचं. तुमचे सासरे तुम्हाला 'लेका' म्हणतात का?

---

मुठाकाठचा

हो, आणि कधीकधी 'भैताड' सुद्धा.

---

इहीनबाई

मग काही काळजी नाही. ज्या दिवशी 'जवाईबापू, आपण बसा' म्हणतील त्या दिवशी बायकोला विचारा काय झालं ते.

---

धुऱ्यावरची_बोर

@कापूसकोंड्या, 'तुमचं काय चुकन' वाचून हसू आलं आणि काटाही आला. आमच्या घरी हे वाक्य माझ्या नणंदेसाठी राखीव आहे.

पण एक विचारते. हे सगळं न बोलता बोलणं ऐकायला छान वाटतं. समोरचा जाणता असेल तोवर ठीक. बाहेरचा माणूस आला, साहेब आला, डॉक्टर आला, की हे सगळं वाया जातं ना? माझी आई दवाखान्यात गेली. डॉक्टरनं विचारलं, कसं वाटतं? आई म्हणाली, "बरं हाय ना बाप्पा." डॉक्टरनं लिहिलं, बरं आहे. ती दोन रात्री झोपली नव्हती. 'बरं हाय ना' मधला 'ना' त्याला कोणी शिकवलेला नाही.

---

सेतूवाला

ताई, म्हणूनच तर धागा काढला. माझं दुकानच या फटीत आहे.

डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळला की पारावर ऐकू येतं ते असं: "आमच्या डीपीचं त कोनी पाहूनच नाई राह्यलं बाप्पा. आंधयं दयते अन् कुत्रं पीठ खाते." आणि माझ्या प्रिंटरमधून निघतं ते असं: "वरील विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, मौजे अमुक येथील रोहित्र नादुरुस्त असल्याने शेतकऱ्यांची गैरसोय होत आहे. तरी सदर प्रकरणी उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती." आंधळं गेलं, कुत्रं गेलं, पीठ कोण खातं हा मुद्दाच गेला. राहिली ती गैरसोय. डीपी जळून ओलित थांबलं, गहू वाळला, याला 'गैरसोय' म्हणणारा शब्दकोश कोणी काढला असेल?

निवेदनाचा दुसरा साचा पुढाऱ्यांचा. "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील." हे वाक्य मी इतक्यांदा टाईप केलं आहे की 'अन्यथा' लिहिलं की पुढचं बोटं आपोआप लिहितात. वाचणाऱ्याचे डोळेही तसेच आपोआप पुढं जात असणार. जिल्ह्याला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथं माणूस स्वतः उभा राहून बोलू शकतो. पण उभा राहिला की तोही म्हणतो, "साहेब, अर्जात सर्व लिहिलं हाय." अर्ज मी लिहिलेला.

पैसेवारीचंही, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजाचंही, तसंच. ५० पैशांच्या आत आली तर दुष्काळी सवलती, वर गेली तर नाही. गावात विचारलं पीक कसं आहे, तर उत्तर येतं "दिसाले हिरवं हाय." शेतकऱ्यानं शेतकऱ्याला सांगितलं तर समोरचा समजून जातो की बोंडं नाहीत, झाडच नुसतं वाढलं. कागदावर मात्र 'हिरवं' म्हणजे हिरवंच.

---

ठेचा_भाकर

सरकारी शब्दाचा बदला घ्याचा असन तर थो शब्द घरी आनून वापराव. 'अनुशेष' घ्या, म्हंजे मागं राह्यलेली कामं. १९८४ मंधी दांडेकर समितीचा अहवाल आला तवापासून विदर्भातल्या शेंबड्या पोराले बी हा शब्द पाठ हाय. सिंचनाचा अनुशेष, रस्त्याचा अनुशेष. आमच्या घरी आता वरन पातय झालं की बाबा म्हंतात, "दाईचा अनुशेष हाय आज." माय म्हंते, "निधी द्या, भरून काढतो." ताटावर नाराजी बी झाली, कोनाले लागलं बी नाई.

नागपूरले हिवाळी अधिवेशनात मोर्चे निंगतात, टी-पॉइंटवर पोलिस अडोतात, मंत्री येऊन निवेदन घेतात, हे सारं घोषणेत असते. पन मोर्च्याहून वापस येताना एसटीत जे बोलनं चालते ना, थे कोनी लिहून घेत नाई. खरं असंतोष थे हाय मास्तर, तुमी शब्द आयकला नसन, वस्तू रोज आयकली हाय.

---

निवृत्त_मास्तर

हे उत्तर पाचपैकी साडेचार गुणांचे आहे. अर्धा गुण 'खरं असंतोष' साठी कापला. तो असंतोष, पुल्लिंगी.

---

ठेचा_भाकर

लावा ना मास्तर, तुमच्या मनानं लावा.

---

निवृत्त_मास्तर

😄 घे, पाच.

---

झाडीपट्टीकर

वरच्या दोन प्रतिसादांसाठी धाग्याची वाचनखूण साठवली.

अवांतर: पोळा जवळ आला. पोळ्याच्या झडत्यांवर, म्हणजे बैलांपुढं म्हणायच्या यमकी ओळींवर, कोणी लिहिलं नाही अजून. तोरणाखाली बैल उभे असतात, गावचा पाटील, सावकार, पुढारी सगळे हजर असतात आणि एखादा गडी पुढं होऊन झडती म्हणतो. जुन्या झडत्यांत महादेवच दोन पैशांसाठी रडताना आहे आणि पार्वतीच्या लुगड्याला गाठी मारलेल्या आहेत. देवाचं नाव करून आपलं दारिद्र्य सांगायचं. मग 'हर बोला' म्हटलं की सावकारालाही 'हर हर महादेव' म्हणावंच लागतं. ज्याच्याबद्दल बोललात त्याच्याकडूनच जयजयकार करून घ्यायचा. निवेदनात हे कुठून आणणार?

---

कापूसकोंड्या

आमच्या गावात आता झडती म्हणणारे कमी झाले. डीजे असतो. पण मागच्या साली एकानं बँकेच्या कर्जावर म्हटली आणि बैलंसुद्धा कान टवकारून उभी होती. 😄 नवीन झडत्या कोणी केल्या असतील तर टाका इथं.

---

ठेचा_भाकर

तुमच्या काट्याच्या गोष्टीवरूनच जुळवली, पाहा जमली का:

बोंड रे बोंड, पराटीचं बोंड,
काट्यापाशी गेलो त कोमेजलं तोंड,
साहेब म्हने ओला, यंत्र दाखोते बारा,
घामाचं पानी हाय थे, इचार ना जरा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

---

धुऱ्यावरची_बोर

हर हर महादेव! वेचणाऱ्या बायांचा घाम म्हणा पण. माणसं गाडीवर बसून जातात.

---

कापूसकोंड्या

फक्कड जमली. एकच दुरुस्ती. बारापर्यंत घेतात भाऊ, कटती लावून. गाडी परत पाठवायची असेल तर तेरा पाहिजे. आमच्या गावात बारा म्हटलं तर पोळ्यातच कोणीतरी उभा राहून हिशेब सांगेल.

---

ठेचा_भाकर

तेरा केलं तरी यमक बसते. केलं तेरा. ताईचा घाम बी टाकतो, "येचनारीचा घाम थो, इचार ना जरा". सेतूवाले भाऊ, याची प्रिंट काढून ठेवा, पोळ्याच्या सकाळी घ्याले येतो.

---

सेतूवाला

काढून ठेवतो. सकाळी नऊच्या आत या, मग लाइट जाते.